चार तोळ्यांची तसबीर

दिवाळीच्या आधी घर आवरायचे, हा आमच्या घरातला वार्षिक संग्राम आहे. त्यातली माझी कामगिरी मात्र वर्षावर्षाला कमी होत गेली. एके काळी मी स्वतः माळ्यावर चढत असे. मग खाली उभा राहून वस्तू झेलू लागलो. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी शिडी धरून उभे राहणे एवढेच काम माझ्याकडे उरले आहे. यंदा वसुबारसेच्या आधीच्या रविवारी नात माळ्यावर चढली आणि एकेक ऐवज खाली येऊ लागला. ताटली हरवलेला सोऱ्या, कान तुटलेले तीन कप, एका पायाने अधू झालेला चौरंग, आणि शेवटी जुन्या नऊवारीच्या फडक्यात बांधलेले काहीतरी चपटे.

नातीने खाली येऊन फडके सोडले, धूळ फुंकली. आत एक तसबीर होती. भगवी कफनी, छातीवर रुळणारी दाढी, गळ्यात हार, आशीर्वादासाठी उचललेला उजवा हात.

"आजोबा, हे आपले कोण?"

"आपले कोणीही नव्हेत."

"मग टाकून देऊ?"

"छे, छे! चार तोळ्यांची तसबीर आहे ती."

तिने चौकट उलटीसुलटी करून पाहिली. चौकट साध्या लाकडाची, आणि मागचे खिळेसुद्धा गंजलेले. सोने कुठेच दिसेना. मग तिला जी हकीकत सांगावी लागली, तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तिशीत कपाळ पांढरे झाले तेव्हा लहानग्या मुलाला घेऊन ती फलटणला आमच्या घरी आली, आणि आली ती आमचीच होऊन गेली. माझा गोवर, माझी मुंज, माझा गणिताशी चाललेला झगडा, सारे तिनेच निभावले. तिचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मला तो सख्खा भाऊच. १९५८ साली, विसावे वर्ष लागण्यापूर्वीच, विषमज्वराने तो गेला. आत्याच्या पेटीत चार तोळ्यांच्या पाटल्यांची एक जोडी होती. 'सुनेच्या हातात घालीन' म्हणून तिने ती अडीअडचणीतही मोडली नव्हती. आता ती जोडी नुसतीच पेटीत राहिली.

त्या दिवसापासून आत्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारी, "असं का रे झालं?" वडील म्हणत, "देवाची इच्छा." आई म्हणे, "आपलं नशीब." शेजारपाजारचे म्हणत, "चांगली माणसं देवालाही हवी असतात." जो तो तिच्या प्रश्नावर हाताला येईल ते झाकण ठेवी, आणि प्रश्न आत रटरटतच राही.

१९५९ च्या चातुर्मासात गावात एक महाराज आले आणि धर्मशाळेत उतरले. त्यांचे नाव-गाव सांगत नाही. सांगून आता उपयोगही नाही. वाणी अशी गोड की बायका घरचे दूध उतू गेलेले विसरत. आत्या त्यांच्या प्रवचनाला जाऊ लागली. एके दिवशी तिने आपला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला, आणि महाराजांनी डोळे मिटून उत्तर दिले. आत्याच्या हातून पूर्वी एक व्रत मोडले होते. त्याचे फळ मुलाला भोगावे लागले. एक मोठे अनुष्ठान केले तर त्याच्या जीवाला गती मिळेल. अनुष्ठानाचा खर्च अर्थातच मोठा होता. पाटल्या पेटीतून निघाल्या, आणि त्यांच्या जागी ही तसबीर घरात आली.

मी तेव्हा पुण्यास कॉलेजात होतो. आगरकरांचे निबंध नुकतेच वाचलेले, अंगात विलक्षण तेज संचारलेले! दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, प्रकार ऐकला आणि तडक धर्मशाळेकडे निघालो. काय बोलायचे ते वाटेत पाठसुद्धा केले. पण महाराजांनी मला पाहताच जवळ बोलावले, अभ्यासाची चौकशी केली, पाठीवरून हात फिरवला आणि हातावर एक पेढा ठेवला. दहा मिनिटांनी मी धर्मशाळेच्या पायऱ्या उतरत होतो, आणि पाटल्यांचा शब्दही माझ्या तोंडून निघालेला नव्हता. ढोंगी माणूस ढोंगी दिसतो, अशी माझी तोवर समजूत होती. त्या दिवशी ती गेली. दिसला असता, तर जग किती सोपे झाले असते!

कार्तिकी झाली आणि महाराज पुढच्या गावी गेले. आत्याने दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. वडिलांना सोने गेल्याचे दुःख होते. आत्याला त्याचे काहीच नव्हते. तिचे दुःख निराळे होते, आणि ते मला फार उशिरा कळले. मी मे महिन्याच्या सुट्टीत घरी होतो. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर माजघरात आत्या अंधारात बसलेली. बोटांची पेरे मोजीत ती पुटपुटत होती: हरतालिका, ऋषिपंचमी, सोळा सोमवार, एकादशा... आपल्या हातून नेमके कोणते व्रत मोडले, ते ती शोधीत होती. महाराजांनी चार तोळे नेले ते नेलेच. पण जाताना तिच्या पदरात मुलाच्या मृत्यूचा दोष बांधून गेले.

तेवढ्यात एक साधी गोष्ट घडली. आत्याच्या मुलाचे दोन चांगले सदरे होते. ते माझ्या धाकट्या भावाला बेतून घ्यावेत म्हणून आत्या शिंप्याकडे गेली. आमच्या आळीच्या तोंडाशी एका वृद्ध वारकऱ्याचे शिवणाचे दुकान होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, कानावर खडू. गाव त्यांना शिंपीबुवा म्हणे. फलटण हा माउलींच्या पालखीचा मुक्काम. दर आषाढात पालखी गावात आली की बुवा दुकान बंद करीत आणि तिच्याबरोबर पंढरपुरास चालते होत. एवढा अपवाद सोडला तर ते आपले मशीन चालवीत बसलेले असत. मी आत्याबरोबर गेलो होतो. बुवांनी सदरे हातात घेतले, उसवायच्या शिवणी पाहिल्या आणि विचारले, "कुणाचे?"

आत्याने सांगितले. सगळेच सांगितले. व्रताचेही सांगितले. आणि मग तिने तिथेही तो प्रश्न विचारला, "बुवा, तुम्ही माळकरी. तुम्ही सांगा, माझ्यामुळे झालं का हो?"

बुवांनी मशीनवरचा पाय काढला. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आक्का, मला ठाऊक नाही."

मी आत्याकडे पाहिले. ती रडत होती. पण गेल्या दोन वर्षांतले ते रडणे नव्हते. तिच्या प्रश्नावर झाकण न ठेवणारा माणूस तिला प्रथमच भेटला होता.

जरा वेळाने बुवा म्हणाले, "मला रातचं दिसत नाही आता. घरात पोथी आहे, पण वाचायला कुणी नाही. आमच्या मंडळींना अक्षर येत नाही. तुम्हाला वाचता येतं ना?"

आत्याला वाचता येत होते. माझ्या आजोबांनी तिला हौसेने शिकवले होते. दुसऱ्या दिवसापासून, दुकान बंद झाले की, बुवांच्या ओट्यावर कंदील लागू लागला. आत्या ज्ञानेश्वरी वाची. बुवा, त्यांची बायको, एक माळी, एक निवृत्त पट्टेवाला, अशी चारपाच डोकी समोर बसत. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज पंचवीस वाचल्या तर वर्ष लागते. आत्याला वर्ष लागले. मध्येच अडून ती विचारी, "बुवा, याचा अर्थ काय?" बुवांचे उत्तर ठरलेले, "पुन्हा एकदा वाचा, आक्का." ती पुन्हा वाची. कधी तिलाच उमगे, कधी माळी काहीतरी बोलून जाई, कधी कोणालाच उमगत नसे आणि मंडळी तशीच उठत. मी सुट्टीत जाऊन बसत असे तेव्हा मला याचा राग येई. मला वाटे, या म्हाताऱ्याला अर्थ ठाऊक आहे. मग सांगत का नाही?

समाप्तीच्या दिवशी आत्या नारळ, पंचा आणि सव्वा रुपया तबकात घेऊन गेली. म्हणाली, "बुवा, मला अनुग्रह द्या. आजपासून तुम्ही माझे गुरू."

बुवा गडबडून उठले. म्हणाले, "अहो, वाचलंत तुम्ही, ऐकलं आम्ही. मग गुरू कोण, सांगा बघू?" आणि वारकरी एकमेकांच्या पाया पडतात तसे ते आत्याच्याच पाया पडले.

आत्या घरी आली ती संतापून. तबक तिने आपटलेच. "एवढं काय मागितलं होतं मी! एक वर्ष वाचलं, आणि हा मनुष्य साधा नारळ घेत नाही!" त्या नारळाच्या दुसऱ्या दिवशी वड्या झाल्या. आम्ही मुलांनी त्या मिटक्या मारीत खाल्ल्या. एक वाटी बुवांकडेही गेली. ती मात्र त्यांनी आनंदाने घेतली, आणि वाटी रिकामी परत करू नये म्हणून तीत मूठभर शेंगदाणे घालून पाठवले. आणि पुढच्या सोमवारी पहिल्या अध्यायापासून पुन्हा वाचन सुरू झाले.

पुढे मी शिक्षक झालो. मराठी शिकवायचे म्हणून संतांची चरित्रे वाचावी लागली, आणि गंमत अशी की त्यांत मला शिंपीबुवा ठिकठिकाणी भेटू लागले.

नामदेवांची कथा आपण सारे जाणतो. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे मडके तपासले, आणि साक्षात विठ्ठलाशी बोलणारे नामदेव कच्चे ठरले. ते रागावून पंढरीस गेले. देवाने त्यांची समजूत घातली नाही. गुरू कर म्हणून त्यांना औंढ्या नागनाथाकडे विसोबा खेचरांकडे धाडले. तिथे पाहतात तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवांनी हटकले तेव्हा म्हातारा म्हणाला, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. बस्स, एवढाच उपदेश. पाय कुठे ठेवायचे ते विसोबांनी सांगितले नाही. ते नामदेवांनाच शोधावे लागले. हा 'पुन्हा एकदा वाचा' चाच प्रकार नव्हे काय?

नाथांची गोष्ट तर दिवाळीत सांगावी अशीच आहे, कारण ती हिशेबाची आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पदरी एकनाथ हिशेब लिहीत. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. रात्रभर वही घेऊन बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैच्या चुकीने एवढा आनंद होतो, तर हेच चित्त परमार्थाकडे लागले तर काय होईल, असे ते म्हणाले, असे चरित्रकार सांगतात. मला या कथेत स्वामींचे फार कौतुक वाटते. त्यांनी शिष्याची वही हिसकावून घेतली नाही, की त्याच्या हिशेबी स्वभावाला नावे ठेवली नाहीत. जे त्याच्यापाशी होते तेच त्याला दाखवले. पुढे त्यांनी त्याला आपल्या पायांपाशी ठेवूनही घेतले नाही. नाथ तीर्थयात्रा करून पैठणला परतले, संसारात पडले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात नकला होताना तीत शिरलेले चुकीचे पाठ त्यांनी एकेक करून काढले. पैची चूक शोधणारा तो कारकून शेवटपर्यंत नाथांत जिवंत राहिला, आणि म्हणून माझ्या आत्याला कंदिलापुढे वाचायला ती पोथी मिळाली.

यावर कोणी म्हणेल, परंपरा तर गुरूला शरण जायला सांगते. सांगते खरी. ज्ञानेश्वरीत तर जागोजाग निवृत्तिनाथांची स्तुती आहे. पण त्या थोरल्या भावाने काय केले पाहा. गीतेवरची टीका पुरी झाल्यावर, परंपरा सांगते, त्याने धाकट्याला म्हटले, आता कोणाच्या आधाराशिवाय स्वतःचे काही लिही. त्यातून 'अमृतानुभव' झाला. शिष्य वाकला, आणि गुरूने त्याला उभे केले. चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेले चांगदेव मुक्ताबाईला, एका कोवळ्या पोरीला, गुरू मानते झाले, तेव्हा तिच्यापाशी मठ नव्हता, दाढी तर नव्हतीच! चमत्कार होते ते चांगदेवांपाशी. ज्याच्यापाशी चमत्कार होते तो शिष्य झाला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगितली आहेत. चमत्कार दाखवतो म्हणून कोणी सद्गुरू होत नाही, आणि जो शिष्याकडून साधना करवून घेत नाही तो गुरू कवडीमोलाने मिळाला तरी टाकून द्यावा, असे त्यांचे रोखठोक मत. आमच्या आत्याने तशा एकाला चार तोळे मोजले होते! पण समर्थ तिथे थांबले नाहीत. लगेच पुढच्या समासात त्यांनी शिष्याची लक्षणे सांगितली. ते वाचताना मी दरवेळी जरा चपापतो. खोटा गुरू एकट्याने घडत नाही. त्याला घडवायला आपल्यासारखी पुष्कळ माणसे लागतात. आपल्याला उत्तर हवे असते, तेही लवकर, आणि स्वतःला काही करावे न लागता. महाराजांनी आत्याला फसवले हे खरे. पण 'मला ठाऊक नाही' असे ते म्हणाले असते, तर धर्मशाळेत दुसऱ्या दिवशी किती माणसे गेली असती? मी तरी तो पेढा का खाल्ला?

हे सारे शहाणपण सांगतो आहे खरा, पण माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर हिशेबात एक पै चुकेल.

मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले आणि १९९९ साली निवृत्त झालो. माझा तास म्हणजे रंगलेले कीर्तन, अशी ख्याती होती, आणि ती मला फार प्रिय होती. काही वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी भेटला. स्वतः आता आजोबा झालेला. भर रस्त्यात पाया पडला. म्हणाला, "सर, तुमच्यासारखं शिकवणारं पुन्हा कुणी भेटलं नाही. तुमच्या तासाला आम्ही श्वास रोखून बसायचो. शंका आली तरी विचारायचा धीर व्हायचा नाही. वाटायचं, मध्ये बोललो तर रंग जाईल."

तो कौतुकानेच बोलला. मी घरी आलो आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. चौतीस वर्षांत किती मुलांचे प्रश्न माझ्या वाणीखाली दबून गेले असतील? 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मी फळ्यासमोर उभा राहून कधी उच्चारले होते का? मला आठवेनात. मुले माझ्याकडे पाहत होती, आणि मी समजत होतो की ती तुकारामांकडे पाहत आहेत. धर्मशाळेतल्या महाराजांना मी आयुष्यभर हसलो. पण माझ्या खिशातही पेढे होतेच की! तेव्हापासून खऱ्या गुरूची माझ्यापुरती एकच खूण मी धरून आहे. त्याच्याजवळून उठून आलेल्या माणसाकडे पाहावे. तो गुरूचे वर्णन करीत येतो, की आपले अडलेले काम पुन्हा हाती घेतो?

आत्या १९८३ साली गेली. अखेरपर्यंत तिचे वाचन चालू होते. बुवा तिच्या कितीतरी आधी गेले. पुढे तो ओटा आमच्या ओसरीवर आला, आणि ऐकणाऱ्यांत गल्लीतली पोरेही बसू लागली. त्यांच्यापैकी कोणी अर्थ विचारला तर ती म्हणे, "पुन्हा एकदा वाचते हं." 'असं का झालं' हा प्रश्न तिने पुढे कोणालाच विचारला नाही. त्याचे उत्तर तिला मिळाले होते की त्याच्याशी तिचा सलोखा झाला होता, हे मी तिला कधी विचारले नाही. रात्री मात्र ती स्वस्थ झोपे.

तिच्या हयातीतच एकदा दिवाळीच्या आवराआवरीत मी ही तसबीर केरात टाकायला काढली होती. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "राहू दे रे. चार तोळ्यांची आहे. एवढं महाग आपल्या घरात दुसरं काय आहे?" बोलताना ती हसत होती.

नातीने हे सारे ऐकून घेतले. मग तसबीर पुन्हा फडक्यात बांधता बांधता म्हणाली, "आजोबा, पण शिंपीबुवांचा फोटो कुठे आहे?"

"त्यांचा फोटो कोणी काढलाच नाही."

"मग ते दिसायचे कसे?"

मी सांगायला तोंड उघडले आणि थबकलो. माळ आठवली, बुक्का आठवला, कानावरचा खडू आठवला. पण चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. तो ओटा आठवत होता. कंदील आठवत होता. आणि कंदिलाच्या उजेडात वाकून, एकाच ओवीवर अडून, ती पुन्हा पहिल्यापासून वाचणाऱ्या आत्याचा आवाज मात्र अगदी स्पष्ट ऐकू येत होता.

"मला ठाऊक नाही," मी नातीला म्हणालो, आणि तिने तसबीर माळ्यावर ठेवावी म्हणून पुन्हा शिडी धरून उभा राहिलो.